कामशेतच्या जीपमधली दहावी सीट

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी साडेअकराला वराळ्यातल्या एका कारखान्यात माझी मुलाखत होती. साडेआठला मी पवनानगरच्या स्टँडवर कामशेतच्या जीपमध्ये बसले होते. ही जीप दहा माणसं भरल्याशिवाय सुटत नाही. नऊ भरली होती. कामशेतला लोकल चुकली असती, तर पुढची थेट दुपारी होती.

एम.एस्सी. होऊन आठ महिने झाले होते. भौतिकशास्त्र, त्यात खगोलशास्त्र. कॉलेजांनी नेट मागितली, शाळांनी बी.एड. धरणाकाठच्या एका कॅम्पवाल्याने दुर्बिणीतून तारे दाखवायला बोलावलं होतं, पण पावसाळ्यात काम बंद. राहिली होती ही भिंगं तपासायची जागा.

शेजारच्या मावशींच्या मांडीवर मासळीची पाटी होती.

"कुटं निघालीस फाइल घेऊन?"

"मुलाखतीला."

"शिकलीस काय?"

"ग्रहतारे."

"मग आमच्या धाकटीचं लगीन कवा, ते सांग की."

"ते नाही सांगता येत, मावशी. ग्रहण कधी ते सांगते."

"ते कॅलेंडरात असतंय. त्याला एवढी वर्सं घालवलीस व्हय?"

मागून एक आबा ड्रायव्हरला म्हणाले, "तिला लोकल गाठायचीय. सोड की गाडी."

"एक सीट हाय अजून, आबा."

मावशींनी पाटी उचलून रिकाम्या जागेवर ठेवली. "ही दहावी. चल."

"मासळीला सीट, मावशी?" ड्रायव्हर म्हणाला.

"तुझ्यापरीस गप बसतीया."

जीप सुटली. वळणांवर पाटी मीच धरून ठेवली. लोकल मिळाली.

कारखान्यातल्या साहेबांनी डिग्रीबद्दल काही विचारलं नाही. टेबलावर सोडियमचा पिवळा दिवा होता आणि त्याच्याखाली सपाट काचेवर ठेवलेलं भिंग.

"यात दोष कुठे आहे?"

अशा उजेडात दोन काचांच्या मध्ये गोल कडी दिसतात. बी.एस्सी.ला सगळे हा प्रयोग करतात. एक कडं एका बाजूला चपटं होतं. मी तिथे बोट टेकवलं.

"बरोबर," साहेब म्हणाले. "पण भिंगाला हात लावायचा नसतो." त्यांनी भिंग पुसायला उचललं आणि थांबले. "हा वास कसला?"

"मासळीचा. जीपमध्ये पाटी धरली होती."

"सोमवारी या. हातमोजे मिळतील."

सोमवारी साडेसहाला जीप दहा माणसं भरून सुटली. आठ वाजता मला कारखान्याच्या दारात ओळखपत्र आणि हातमोज्यांचे दोन जोड मिळाले.