पंचफुलाची अंबाडी

एकोडी गावात पंचफुलाला कुणी एकदा "हे असं नको करू" म्हटलं की ते काम झालंच म्हणून समजायचं. नवरा होता तेव्हा तो शहाणा माणूस तिला उलटंच सांगायचा. छपरावरची कवेलू, म्हणजे कौलं, फेरायची असली की म्हणायचा, "यंदा राहू दे, काही घाई नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी बाई शिडी लावून छपरावर. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागे राहिली ती, तिची लेक टीना, तलावाखालच्या धानशेताच्या दोन बांध्या आणि घरामागची सांदवाडी, म्हणजे भाजीपाल्यापुरती कुंपणातली जागा. सगळं रामायण त्या सांदवाडीतच घडलं.

तिथली जमीन म्हणजे निव्वळ मुरूम. वांगं लावलं तर सुपारीएवढं व्हायचं आणि मिरची रुसून बसायची. दारात गाय एकच, तिचं शेण सारवायला आणि गोवऱ्यांनाच पुरत नव्हतं. पंचफुला दर पावसाळ्यात बी टाकायची आणि दर हिवाळ्यात त्या मुरमाला शिव्या द्यायची. शिव्या देण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

गावाबाहेर एक जुनी राइस मिल बंद पडलेली आहे. तिच्या गोदामात अंधारात पत्र्याखाली वटवाघळं लटकतात, लहान, चिमणीएवढी. त्यांच्या लेंड्यांचा खाली थर साचलेला, काळे बारीक दाणे, तीळ सांडल्यासारखे. वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. लोक नाक दाबून लांबून जात. एकदा हरवलेली शेळी शोधत पंचफुला मिलच्या मागच्या बाजूला गेली. तिथे भिंतीच्या भोकातून पावसाच्या पाण्याबरोबर ती घाण वाहून आलेली, आणि तिच्यात कुणी न लावलेला दोडक्याचा वेल थेट पत्र्यावर चढलेला. पान हातात मावत नव्हतं. शेळी राहिली बाजूला, बाई त्या वेलाकडेच पाहत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तोंडानाकाला पदर घट्ट बांधून, झाडणी आणि पोतं घेऊन ती गोदामात शिरली.

पहिल्या वर्षी तिनं ते खत तसंच कच्चं, ओंजळी भरभरून वांग्यांच्या बुडाशी घातलं. वांगी जळून कोळसा. गावाला तेवढंच पाहिजे होतं. "चमगादडाचं पाप लागलं," असं पाराजवळ बसून म्हणायला काही पैसे पडत नाहीत. दुसरी असती तर पोतं फेकून मोकळी झाली असती. पंचफुलानं मात्र खड्डा खणला. त्यात तलावाचा गाळ, शेण, करंजीची ढेप म्हणजे पेंड, आणि वाघळाचं खत चवीपुरतं, भाजीत मीठ घालतात तसं. वरून पळसाची पानं झाकली आणि उन्हाळाभर पाणी मारत राहिली. मधूनमधून खड्ड्यात कोपरापर्यंत हात घालून पाहायची. गरम लागला तर म्हणायची, "अजून राग गेला नाही याचा," आणि परत झाकायची. राग गेला तेव्हा पाऊस तोंडावर आला होता.

त्या वर्षी वांगी धरली, आणि पुढच्या वर्षी तिनं अंबाडी पेरली. अंबाडी आपल्याकडे कुणाला सांगायला नको. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दोन दाणे फेकले की येते, कंबरेएवढी, काटकुळी. पाला भाजीला, साल दोराला. कुणी तिला खत घालत नाही की कुणी तिच्याकडे वळून पाहत नाही. पंचफुलाची अंबाडी मात्र माणसाच्या डोक्यावर गेली. काळीशार, दाट, हाताच्या पंज्यासारखी पानं, कडेला दातरे. माकडांनी शेंडे खुडू नयेत म्हणून तिनं कुंपणाला जुन्या साड्या बांधल्या. साड्यांच्या वरून ते पंजे रस्त्यावर डोकवायला लागले, आणि आतून खताचा तो उग्र वास.

विक्की म्हणून एक पोरगा आहे, त्याचा रस्त्यावर पानठेला. त्यानं ते पान पाहिलं, वास घेतला आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आता गंमत अशी की विक्कीनं गांजाचं पान जन्मात पाहिलं होतं ते फक्त आपल्या टी-शर्टावर. ज्याच्या मायनं त्याला अंबाडी भात खाऊ घालून वाढवलं, त्या पोराला ताटातली भाजी ओळखू येते, उभं झाड ओळखू येत नाही. पण मोबाइल तर हातात आहे ना. साडीवरून हात उंच करून त्यानं व्हिडिओ काढला, खाली लिहिलं, "आपल्या गावात चाललंय काय", आणि दिला गावच्या ग्रुपवर सोडून.

संध्याकाळच्या आत पोलीस ठाण्यातले जमादार आले. वयस्क माणूस, याच भागातला. साडी बाजूला करून आत गेले, एक शेंडा खुडला, चावला आणि दात आंबल्यासारखं तोंड केलं. मग हसले. "बाई, खत कोनतं घालता वो?" एवढंच विचारलं, आणि जाताना घरी न्यायला भाजीची एक जुडी मागून घेतली. झालं, विषय संपायला पाहिजे होता.

पण जमादारांच्या आंबट तोंडाचा व्हिडिओ कुणी काढला नव्हता. खोट्याला पाय फुटतात, खरं बिचारं चपला शोधत बसतं. साकोलीच्या बाजारात बाया तिच्याकडे पाहून एकमेकींना कोपर मारू लागल्या. विक्कीनं व्हिडिओ काढून टाकला, तोंडदेखली माफीही मागितली, पण तोवर तो फिरत फिरत करडी गावाला पोचला होता. आणि करडीहूनच टीनाची सोयरीक आलेली होती.

मुलगा चंद्रकुमार, घरची शेती, ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम. टीनाशी त्याचं फोनवर बोलणं झालं होतं आणि फोन ठेवल्यावर टीना उगाचच अंगण झाडत बसली होती. पंचफुलाला एवढं कळण्यासाठी कुणी सांगावं लागत नव्हतं. दसऱ्यानंतर पाहुणे मुलगी पाहायला येणार होते. व्हिडिओ पोचल्यावर येणार की नाही असं झालं, मग येतो म्हणाले.

सेवकराम, पंचफुलाचा दीर, दुसऱ्याच दिवशी दारात हजर.

"वहिनी, ते उपटून टाका."

"काय उपटू?"

"आता मले माहीत हाय अंबाडी हाय म्हनून. जमादारालेबी माहीत हाय. पन पाहुन्यांच्या डोळ्यांत ते पान कायले पाडायचं? साधी भाजी तं हाय. पुढच्या साली परत पेरा."

"भाऊजी, आज उपटलं तं गाव काय म्हनन? गांजा होता म्हनूनच उपटला, असंच म्हनन ना?"

"म्हनू द्या. पोरीचं लगन तं होईल."

"गांजावालीची पोरगी म्हनून होईल."

सेवकराम मान हलवत गेला. रागानं नाही, काळजीनं, आणि तेच पंचफुलाला जास्त लागलं. रागावलेल्या माणसाशी तिला भांडता येतं. त्या रात्री तिला झोप नाही लागली. माझा ताठा पोरीच्या आड येऊन राहिला का, हा एकच प्रश्न. टीना तर रोजच्यासारखीच वागत होती. मुकाट्यानं लाखनीला शिवणकामावर जायची, मुकाट्यानं यायची आणि सांदवाडीला पाणी घालायची. ती पाणी घालते याचा अर्थ काय घ्यावा, हे काही पंचफुलाला कळेना. विचारायची तिची छातीही होत नव्हती. जगाला न भिणारी बाई, लेकीच्या उत्तराला मात्र भ्यायली.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी सेवकराम विळा घेऊनच आला. बोलून उपयोग नाही, आपणच कापून टाकू, असं ठरवून आलेला. पंचफुलानं त्याच्याकडे पाहिलं, विळ्याकडे पाहिलं आणि त्याच्या हातात टोपली दिली.

"बरं झालं आले. कवळे कवळे शेंडे खुडा. त्याले विळा लागत नाही."

"कायले?"

"पाहुन्यांले भाजी रांधतो."

त्याची बायको शकुंतलाबाई पुऱ्यांची कणीक मळायला आली होती, तिचे हात कणकेतच थांबले. सोयरिकीच्या पहिल्या ताटात आंबट वाढत नाहीत आपल्याकडे. सोयरीक आंबते म्हणतात. आणि अंबाडी तर रोजची, गरिबाच्या ताटातली, ती पाहुण्यांना वाढणं म्हणजे त्यांचा अपमानच.

"बाई, येडी झाली का तू? जग हासन."

"हासून तं राहिलंच हाय. आता काय नवं हासन?"

एवढं बोलून पंचफुला कुंपणाशी गेली आणि साड्या सोडायला लागली. एकेक गाठ सोडून साडी खाली ओढली, घडी घातली, खांद्यावर टाकली. रस्त्यावरून जाणारा सायकलवाला पाय टेकवून थांबला. सगळी अंबाडी उघडी, उन्हात, हिरवीकंच. वरच्या शेंड्यांना फिकट पिवळी फुलं लागायला सुरुवात झाली होती, आत काळपट लाल डोळा. माकडांनी खाल्ली तर खाल्ली, पण आता काहीच झाकायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. सेवकराम टोपली घेऊन आत शिरला आणि, काय करणार बिचारा, शेंडे खुडू लागला.

पाहुणे दुपारी आले. चंद्रकुमार, त्याची माय रुखमिणी आणि मामा ताराचंद. मामा म्हणजे घरातला बोलणारा माणूस. जीपमधून उतरल्या उतरल्या त्याची नजर सांदवाडीकडे गेली, तिथून पंचफुलाकडे, मग परत सांदवाडीकडे. टीनानं पाणी दिलं. मुलगी पाहायचं ते पाहून झालं, नाव-शिक्षण विचारून झालं. मग ताटं आली. पुरी, खीर, वडे, भात, आणि ताटाच्या ऐन मधोमध अंबाडीची डाळभाजी, वरून लसणाची फोडणी. रुखमिणीनं ताटाकडे पाहिलं आणि बोटानं भाजी एका कडेला सारून पुरीचा तुकडा मोडला.

पंचफुलानं ते पाहिलं. तोंड मात्र तिनं सरळ ठेवलं.

मामानं खीर संपवली, घसा साफ केला. "मुलगी पसंत हाय आमाले. आनिक एक सांगतो, राग मानू नोका. त्या व्हिडिओचं आमच्या गावात लय झालं. आमाले समजते, अंबाडी हाय. पन लोकांचं तोंड कोन धरन? तुमी ते सगळं उपटून टाका, वाटल्यास विक्कीच्याच हातानं त्याचा व्हिडिओ करून टाका. विषय संपला. मंग पुढचं बोलू."

सेवकरामनं पंचफुलाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत नुसती विनवणी होती. पंचफुलाच्या ओठांवर उत्तर तयार होतं, जन्मभर तयारच असतं, पण पहिल्यांदाच ते बाहेर येईना. समोर चंद्रकुमार खाली मान घालून बसला होता, दाराशी टीना पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, आणि ते उत्तर दिलं की हे सगळं उठून जाणार हे तिला दिसत होतं. एवढीशी भाजी. एका सकाळचं काम. उपटते म्हणावं आणि मोकळं व्हावं, असं तिच्या मनात आलं. खरंच आलं. कुणाच्याही आईच्या आलं असतं.

"मामाजी," टीना दारातून बोलली. आवाज चढलेला नव्हता. "एक विचारू का?"

"विचार ना, बेटा."

"आज अंबाडी उपटा म्हनता. ती चांगली हाय हे माहीत असून. उद्या मी तुमच्या गावात आली, आन मायाबद्दल कोनी खोटंनाटं बोललं, तं मलेबी उपटून फेकान का?"

मामाचा हात वड्याकडे जाता जाता राहिला. चंद्रकुमारनं मान वर केली आणि टीनाकडे पाहिलं, पाहतच राहिला. सेवकरामनं डोळे मिटले. झालं, गेली सोयरीक, हे त्याच्या चेहऱ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. पंचफुला मात्र लेकीकडे पाहत होती. इतके दिवस ही पोरगी पाणी कशाला घालत होती ते आत्ता तिला कळलं, आणि डोळे भरून आले, ते तिनं पुसलेही नाहीत.

मामा काही बोलणार तोच रुखमिणीनं त्याच्याकडे न पाहता हात वर केला. थांब, असा. मग तो हात खाली ताटात गेला. कडेला सारलेली भाजी तिनं भातावर ओढली, सावकाश कालवली आणि मोठा घास घेतला. चावला, गिळला. दुसरा घेतला. सगळं घर तिच्या जबड्याकडे पाहत बसलेलं. ताटातली भाजी पुसून संपेपर्यंत बाईनं कुणाकडे पाहिलं नाही.

"चांगली हाय," ती पंचफुलाला म्हणाली. "पन तिखट कमी झालं."

पंचफुलानं भाजीचं पातेलं उचललं आणि तिच्या ताटात अजून एक डाव वाढला.

"आमच्या इथं इतकंच असते, बाई," ती म्हणाली. "जास्त लागलं तं लेकीले सांगा. तिच्यात लय हाय."