देवाची उलटतपासणी

छावणीतल्या देवळात पुराणिकबुवा पोथी सांगायला बसले की दिगंबरराव वकील पहिल्या रांगेत हजर. ऐकायला नव्हे, बुवांना पकडायला! "थांबा बुवा. काल म्हणलात, देव हाकेसरशी धावतो. आज म्हणता, पाप्याची हाक तो ऐकतच नाय. दोन्हीतलं एक बयान झूठ आहे. कोणतं?" बुवा घाम पुसत म्हणायचे, "मनात भाव लागतो, वकीलसाहेब." "ही अट काल नव्हती! आज कुठून घुसवली?"

पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, कोर्टातली उर्दूही हळूहळू गेली, वकीलकाकांच्या तोंडातली काही गेली नाही. संशय तर अंगातच मुरलेला. मी लग्न होऊन त्यांच्या शेजारी आले, तेव्हा वाटीभर शिरा घेऊन गेले होते. वाटीकडे बघत म्हणाले, "कशाबद्दल?" असा राग आला मला! म्हटलं, "काका, शिरा खायला काय वॉरंट लागतं?" आत काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. "मनावर नको घेऊ गं. आमच्या लग्नात मंगलाष्टकं थांबवून यांनी भटजींचा मुहूर्त तपासला होता."

त्या काकूंना विषमज्वर झाला. औषध लागू पडेना, डॉक्टरही नजर चुकवायला लागले. काकूंनी एकच धोसरा धरला, देव पाण्यात ठेवा. मागणं पुरं होईतो देव बाहेर काढायचे नाहीत. काका उसळले, "डांबून घेतलेली कबुली कोणत्याच कोर्टात टिकत नाय!"

"मला कुठं कोर्टात जायचंय?" काकू म्हणाल्या. "माझं कुणी ऐकतंय का, एवढंच कळू द्या."

मी म्हटलं, मी ठेवते. तर माझ्यावरच डोळे वटारले. "तू? तू दया येऊन हळूच बाहेर काढशील." मग स्वतः आंघोळ करून आले, देव्हाऱ्यातले देव पितळी घंगाळात बुडवले आणि समोर पहारा देत बसले. मधूनच पुटपुटायचे, "ऐकता का नाय? एकदाचं काय ते सांगून टाका." मला ते बघवत नव्हतं.

दुपारी काकूंनी डोळे उघडले. आवाज पार खोल गेला होता. "अहो, ऐकलं का त्यांनी?"

दूधवाल्याच्या शपथेवरही ज्यांनी कधी विश्वास ठेवला नाही, ते आता काय बोलणार? काकांनी त्यांचा हात हातात घेतला.

"व्हय. ऐकलं. मी स्वतः गवाह आहे."

काकूंच्या कपाळावरची आठी गेली. किती दिवसांनी त्या शांत झोपल्या! दिवेलागणीला गेल्या.

घरात सुतक, काकांना देवांना शिवता येईना. मला बोलावून म्हणाले, "तू काढ आता. नीट पूस, सांदीत पाणी राहतं." मी पदरानं एकेक मूर्ती पुसत होते. शेवटी मला राहवलं नाही. "काका," मी विचारलं, "खरंच ऐकलं होतं का हो?"

त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं.

"का? तुला शंका आहे?"