गुडघ्याची विचारपूस

खो-खोच्या सरावात सूर मारताना माझी लेक रेवा पडली. गुडघा सुजला, आणि संघाची निवड तोंडावर आलेली. घरात आम्ही सगळे तिला एकच विचारत होतो, "दुखतंय का गं?" ती चिडून "हो!" म्हणायची आणि बोलणं तिथेच संपायचं.

डॉक्टरीणबाईंनी मात्र खोदून खोदून विचारलं. "पडलीस तेव्हा आतून टप्पकन आवाज आला?"

"नाही."

"सूज लगेच आली?"

"दुसऱ्या दिवशी."

"जिना उतरताना पाय दगा देतो?"

रेवाने गुडघ्यावर हात ठेवला. "देत नाही. पण देईल अशी भीती वाटते."

"बरं झालं सांगितलंस," म्हणत बाईंनी तेही लिहून घेतलं. मी बघतच राहिले. एकाच घरात राहून ही भीती मला ठाऊक नव्हती. दुखण्याला इतकं काही सांगायचं असतं, फक्त कुणी नीट विचारायला हवं!

मग बाईंनी आधी चांगला गुडघा वाकवून नडगी हलकेच पुढे ओढून पाहिली. "हिचा गुडघा मुळात किती सैल आहे, ते आधी कळायला हवं," त्या म्हणाल्या. नंतर दुखरा पाय धरला. मी खुर्चीतून उठलेच.

"घट्ट आहे! हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट शाबूत आहे."

रेवा किंचाळलीच. "म्हणजे खेळू?"

"आधी या पायावर उभी राहून दाखव."

ती उभी राहिली. डुलली, सावरली, हसली. बाई माझ्याकडे बघून हसू लागल्या, तेव्हा कळलं, मीही एका पायावर उभी होते.