स्टँडर्डिस्टा
तापलेल्या पत्र्याचा वास आला की लातूरचा तो कोचिंग क्लास आठवतो. त्याची वेबसाइट मी बनवली होती. भोकरहून आलेला नवा सहकारी माझी चालती पानं पुन्हा लिहीत बसे. वेबचे नियम काटेकोर पाळणाऱ्यांना आमच्यात 'स्टँडर्डिस्टा' म्हणत, तसा तो. हा माझी नोकरी खाणार, या संशयानं मी क्लासच्या मालकांना सांगितलं, "तो वेबसाइट बिघडवून राहिलाय." निकालादिवशी त्यानं निकालाचं पानही बदललं. "कुणाला इचारून?" मी ओरडलो. "दम धरा जरा," म्हणत त्यानं मुरुडच्या एका अंध विद्यार्थिनीला संगणकापुढे बसवलं. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे संगणक तिचे मार्क मोठ्यानं वाचू लागला. नियम सोडून लिहिलेल्या माझ्या पानावर संगणक मुकाच राहायचा. "सर, पहिल्यांदाच माझा निकाल मला दुसऱ्याला इचारावा लागला न्हाई," ती म्हणाली. त्याच संध्याकाळी मालकांनी माझ्या तक्रारीवरून त्याला कामावरून काढलं. मी शेजारीच उभा होतो, आणि तोंड उघडलं नाही. ते अजून खुपतं.