काकूंचं गॅरेज आणि माझे मठ

थंडीत मराठी पार्टीला गेलं की बेडरूममधल्या पलंगावर सगळ्यांच्या कोटांचा ढीग साठतो ना, तसे माझ्याकडे ओहायोतल्या त्या वर्षांचे किस्से साठलेत. ऐंशीचं दशक. आमच्या कंपूत सगळे डॉक्टर नाहीतर इंजिनिअर, आणि मी एकटी मध्ययुगीन ख्रिस्ती मठांवर पीएच.डी. करायला आलेली! 'विषय बदल' असं ज्यानं मला सांगितलं नाही, असा एक माणूस उरला नव्हता. मी बदलणार नव्हते.

*

ओहायोतल्याच डब्लिन गावच्या सबनीसकाकांकडे गणपतीला गेले. काकूंनी विचारलं, "काय शिकतेस गं?"

सांगितलं.

"अगं बाई! बाटशील ना!"

"काकू, काका मिशनच्या हॉस्पिटलात इतकी वर्षं क्रॉसखाली बसून पेशंट तपासतात. ते बाटले का?"

काकांना ठसका लागला. काकूंनी मला आणखी एक मोदक वाढला, पण रागानंच.

*

रूममेट वैशाली कॉम्प्युटर सायन्सची. मठात जेवताना बोलायचं नाही, सगळं खुणेनं मागायचं, हे ऐकून ती खो खो हसली. "असं कोण जगतं यार?"

परीक्षेच्या आठवड्यात बाईसाहेब पुस्तकातून डोकं न काढता, जेवताना नुसत्या बोटानं लोणचं मागायला लागल्या. मी बरणी मागे ओढली.

"ही खूण चुकली. मठात लोणचं नसतं, मोहरी असते. ती हवी असली की नाक मुठीत धरून चोळायचं!"

तिनं चोळलं. मग दिलं.

*

आईनं टेक्सासमधलं, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडचं एक स्थळ सुचवलं. मुलगा तेलकंपनीत इंजिनिअर. फोनवर त्याचा पहिलाच प्रश्न, "मठांना स्कोप काय?"

"माझा मठ चारशे वर्षं चालला. तुमची कंपनी?"

तेव्हा ह्यूस्टनकडे तेलकंपन्यांत ले-ऑफ चालले होते. त्यानं फोन ठेवला, आणि आईची पत्रं महिनाभर बंद झाली.

*

खरी अडचण होती माझ्या गाइडची. त्यांनी होकार दिला तरच प्रबंध सुरू होणार, नाहीतर परतीचं विमान.

मठाच्या भोजनगृहात मांस खायला बंदी होती. म्हणून संन्याशांनी शेजारी दुसरी खोली बांधली आणि तिथे बसून मांस खाल्लं! यात त्यांना काही लबाडी वाटत नव्हती, हे मला मांडायचं होतं.

"हा ढोंगीपणा आहे," सर म्हणाले. "आणि तू इंडियातून आलेली. त्यांचं मन तुला कसं कळणार? भारतावर काहीतरी कर."

माझे कान तापले. "सर, शनिवारी माझ्याबरोबर जेवायला चला."

त्यांना थेट सबनीसांकडे नेलं. काकूंच्या किचनमध्ये अंडंसुद्धा चालत नसे. चिकन काका गॅरेजमध्ये करायचे, लॉनमोवरशेजारी, वेगळ्या पातेल्यात. आणि काकूंसकट सगळे तिथेच उभ्यानं खायचे.

सर तंगडी वाढून घेऊन भात आणायला आत निघाले, तर काकू दार अडवून उभ्या! "नो, नो! हिअर ओन्ली!"

"पण तुम्हीही खाताय की," सर इंग्रजीत म्हणाले.

काकूंनी हातातली तंगडी आतल्या दिशेला नाचवली. "इन किचन, गॉड. इन गॅरेज, ही इज नॉट लुकिंग!"

सरांनी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पेपर नॅपकिनला बोटं पुसली.

"मंडे मॉर्निंग," ते म्हणाले. "फर्स्ट चॅप्टर."