भेंडीची तार

भेंडी चिरतानाचा तो हिरवट वास आला की मला अल कुसैसमधलं हळदीकुंकू आठवतं. मी तेव्हा दुबईत नवी होते. प्रत्येकीने एक पदार्थ न्यायचा होता. नवऱ्याच्या बॉसच्या बायकोने माझी भाजी चमच्याने वर उचलली, तिची लांब तार सगळ्यांना दाखवली आणि म्हणाली, "अगं, भेंडी धुतल्यावर पुसून चिरायची असते. एवढंही आईने शिकवलं नाही?" बायका हसल्या. आईचं नाव काढलं, ते माझ्या डोक्यात गेलं. आमच्या खालच्या मजल्यावर अमेरिकेच्या दक्षिण भागातली एक काळी शिक्षिका राहायची. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्या लोकांना गुलाम करून आफ्रिकेतून नेलं, तेव्हा भेंडीही तिकडे गेली. आमचा गम्बो त्या तारेनेच तर दाट होतो!" तिने मला तो रस्सा शिकवला. त्यात कोळंबी, कॅरिबियन बेटांवरची जहाल मिरची आणि ओळखू येणार नाही इतकी शिजवलेली भेंडी. पुढच्या पार्टीला मी पातेलंभर नेला आणि "अमेरिकन डिश आहे" एवढंच सांगितलं. बॉसच्या बायकोने दोनदा वाढून घेतला. "काय सुरेख दाट झालाय! काय घातलंस गं?" सगळ्या ऐकत होत्या. "भेंडीची तार, वहिनी. आईने शिकवलं नव्हतं ना, म्हणून शेजारणीकडून शिकले." तिचा चमचा वाटीतच राहिला. आता ती पुण्यात असते. दर सुट्टीत तिकडे गेले की मी तिला आग्रहाने जेवायला बोलावते आणि दर वेळी भेंडीच करते, न पुसता.