शेणाच्या गॅसवरची भाकर

ग्रामसेवकाची नोकरी केली की माणसाकडे किस्से आपोआप साचतात. आम्ही रिटायर झालेले चार-पाच जण हिंगोलीत चहाला बसलो, की प्रत्येकाच्या गावातला एकेक नग निघतोच. माझा नग म्हणजे कुरुंद्याजवळच्या गावातले किसनराव! पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमारास मी तिथे होतो. विहिरीत पावडर टाका, धूर टाळा, शेणखत वापरा, हे सांगत हिंडणं माझं काम. मी सांगेन त्यावर संशय घेणं त्यांचं.

*

पहिली गाठ विहिरीवर पडली. मी ब्लीचिंग पावडर टाकायला लागलो, तोच किसनरावांनी माझा हात धरला.

"काय टाकून राहिले, भाऊसाहेब? आधी तुमी प्या, मंग गाव पील!"

तासाभराने मी सगळ्यांसमोर तांब्याभर पाणी प्यालो. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते माझ्या खोलीच्या दारात हजर.

"काही न्हाई, चहाला आलो."

चहा झाला. उठताना म्हणाले, "जरा जीभ दाखवा बरं!"

*

त्यांच्या बायकोला, कौसाबाईंना, चुलीच्या धुराने खोकला जडला होता. भाकरी थापताना मध्येच थांबायच्या, भिंतीला हात टेकून खोकायच्या आणि पुन्हा थापायला बसायच्या. मला ते बघवत नसे. वसमतच्या डॉक्टरांनीही बजावलं होतं, धूर थांबला नाही तर औषधाचा काही उपयोग नाही.

मी निर्धूर चूल सुचवली. धूर पाइपातून थेट छपराबाहेर! किसनरावांनी वर छपराकडे पाहिलं.

"म्हंजे आमच्या घरी काय शिजलं, ते वासावरून साऱ्या गल्लीला कळणार?"

"कळलं तर काय बिघडलं?"

"काहून न्हाई बिघडत? मटणाच्या दिवशी पाव्हणे तुमी सांभाळान काय?"

*

मग मी गोबरगॅसचं काढलं. दावणीला सहा जनावरं, शेणाला तोटा नाही. पण किसनरावांचा हिशोब वेगळाच.

"शेणातलं सत्त्व गॅसात गेलं, तर हळदीला काय घालू? चोथा?"

वर्षभर मी त्यांच्या मागे लागलो. शेवटी कौसाबाईच आतून बोलल्या, "मी मेल्यावर त्या हळदीलाच भाकरी थापायला लावा!"

दुसऱ्या दिवशी खड्डा खणायला सुरुवात झाली.

टाकीतून निघणारं खत त्यांनी हळदीच्या एकाच सरीला घालून पाहिलं. ती सरी बाकीच्यांपेक्षा हिरवीगार झाली. मी खुशीत विचारलं, "आता तरी पटलं?"

"पटलं की! तुमीच गुपचूप युरिया टाकला असंल."

*

किसनरावांची आई तर त्यांच्यावर वरताण. "शेणाच्या गॅसवरची भाकर मी न्हाई खायची!"

"आजी, जन्मभर गोवऱ्यांवरची खाल्ली. त्या कशाच्या असतात?"

"त्या उन्हात वाळलेल्या. हे वल्लं हाय!"

 दोन दिवस म्हातारी चिवड्यावर राहिली. तिसऱ्या दिवशी गुपचूप दोन भाकरी खाऊन लोणचं मागितलं.

*

गॅस सुरू होऊन दोनेक महिने झाले असतील. एका सकाळी बघतो तर किसनराव गाडी जुंपून निघालेले, चेहरा पार उतरलेला. मागे कौसाबाई नवं लुगडं नेसून बसलेल्या.

"वसमतला, डॉक्टरकडं," एवढंच बोलले. गॅसनेच काही झालं की काय? टाकी बसवायला मीच लावली होती! तसाच गाडीत चढलो. वाटेत कौसाबाईंना विचारलं, काय होतंय? त्या म्हणाल्या, "यांनाच पुसा."

डॉक्टरांनी कौसाबाईंची छाती दोनदा तपासली, पाठ तपासली. काहीच सापडेना. शेवटी म्हणाले, "अहो, पण तकलीफ काय आहे?"

किसनरावांनी हात जोडले. 

"डॉक्टरसाहेब, आठ दिवस झाले, ही खोकूनच न्हाई राहिली!"